घडी वाजली की गोळी

संपादकांनी कळवलं, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहून पाठवा. शब्द दिला आहे म्हणून गमतीचे दोन-तीन लिहिते. पण बाकीचा सगळा लेख रागाचा आहे. सणासुदीला ज्यांना तोंड कडू करून घ्यायचं नसेल, त्यांनी इथूनच पान उलटलेलं बरं.

मी घड्या दुरुस्त करते. एटापल्लीत एसटी थांबते तिथून चार पावलांवर माझं दुकान आहे. दुकान कसलं, एक काचेचं कपाट, एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. नवं गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरून आत बघतं आणि विचारतं, "भाऊ नाई का?" भाऊ म्हणजे माझे मिस्टर. दुकान त्यांचंच. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला आणि शेजारी बसून मला शिकवलं. त्याला बावीस वर्षं झाली. तरी आजही बाप्या माणूस घडी माझ्या हातात देताना अशी देतो, जसं काही मी ती भाजीत टाकणार आहे. पहिली काही वर्षं मी समजावून सांगायची. आता म्हणते, भाऊ आत आहेत, पण घडी मीच उघडणार, पटत असेल तर ठेवा.

मोबाइल आले तशी मनगटावरची घड्याळं गेली. पण गजराचं घड्याळ आमच्याकडे टिकलं. आत जंगलात वीज दोन-दोन दिवस नसते, मोबाइल चार्ज करायचा कुठे? त्यामुळे सेलवर नाहीतर चावीवर चालणारी घडी अजून लागते. मुक्कामी एसटीचे एक ड्रायव्हर होते, पहाटेची पहिली गाडी त्यांची. त्यांची झोप इतकी गाढ की घडी स्टीलच्या ताटात ठेवायचे, ताटात चार नाणी टाकायचे, म्हणजे गजर झाला की सगळं भांडं नाचायचं. एकदा ताट बदललं, जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं आणलं, तर आवाज घटला आणि गाडी चुकली. ते माझ्याकडे घडी घेऊन आले आणि भांडले. मी म्हटलं, घडी ठीक आहे, ताट दुरुस्त करून आणा.

एक गुरुजी होते. त्यांची तक्रार, घडी रविवारीही वाजते. मी म्हटलं, गुरुजी, तिला वार कुठे कळतात? तर म्हणाले, इतकी महाग घेतली, एवढं तर कळायला पाहिजे. आणि एक बाई दर दोन महिन्यांनी यायची, घडीचा आवाज बसला म्हणून. घरी जाऊन पाहिलं तर नव्या घडीची प्लास्टिकची पिशवी तिने काढलीच नव्हती, वरून चिकटपट्टी लावून पॅक केली होती. आमच्या भागात नव्या वस्तूचं कव्हर काढणं म्हणजे नव्या नवरीची हळद धुऊन टाकण्यासारखं आहे. रिमोट असो, गादी असो, कव्हरात जन्म काढतात. मी पिशवीला मागून भोक पाडून दिलं. दोघींचं समाधान झालं.

झाल्या गमती.

आता धंद्याची एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गजराच्या घडीला लोक डोळ्यांनी पसंत करतात आणि फसतात. ती वापरायची असते डोळे मिटलेले असताना. म्हणून माझ्या दुकानात कोणी गजराची घडी मागितली की मी ती टेबलावर ठेवते, वर दुपट्टा टाकते, गजर सुरू करते आणि सांगते, दुपट्ट्याखाली हात घालून बंद करा. नुसत्या बोटांना एकच मोठा दट्ट्या लागला आणि आवाज थांबला, तर घडी चांगली. बोटं चाचपडत राहिली, एकासारखी एक चार बटणं लागली, तर ती घडी मी विकत नाही. मग तिच्यात पक्षी गाऊ देत नाहीतर मोर नाचू देत. दुसरं, चावी किती वेळा फिरवायची, काटा कुठे लावायचा, हे पुस्तिकेशिवाय कळलं पाहिजे. ज्या घडीसोबत जाडजूड पुस्तिका येते, ती घडी बनवणाऱ्याने आपलं काम अर्धवट सोडून तुमच्या गळ्यात टाकलेलं असतं.

आणि तिसरी गोष्ट अशी, की काट्याच्या घडीला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. तिच्या तबकडीवर बाराच आकडे. गजराचा काटा सहावर लावला की ती सकाळी सहाला वाजते, आणि चावी भरलेली असेल तर संध्याकाळी सहालाही वाजते. शहरातले लोक याला खोट म्हणतात. मीही म्हणायची.

तर साहेब आले. कुठल्या कार्यालयाचे, कुठल्या योजनेचे, ते लिहीत नाही. लिहून काही होत नाही हे पुढे येईलच. जीप दुकानासमोर उभी राहिली आणि साहेबांनी चार खोकी माझ्या टेबलावर ठेवली. आतल्या गावांमध्ये ज्यांना रोज वेळेवर औषध घ्यावं लागतं त्यांना गजराच्या घड्या वाटायच्या होत्या. चार नमुन्यांमधला एक निवडायचा, आणि स्थानिक जाणकाराचं मत कागदावर घ्यायचं. ते आत बघून 'भाऊ नाहीत का' असं म्हणाले नाहीत. सरळ मला म्हणाले, "बाई, इकडे तज्ज्ञ म्हणून सगळे तुमचंच नाव सांगतात."

खोटं कशाला बोलू, मी फुलले. बावीस वर्षांत हा शब्द मला कोणी लावला नव्हता.

चारातली एक चावीची होती, साधी, डोक्यावर मोठा दट्ट्या असलेली. मी तिच्याबद्दल बोलायला लागले तर साहेब हसले. म्हणाले, ही आमच्या आजीकडे होती. मग त्यांनी पांढरी आकड्यांची घडी पुढे केली. तिच्यात तारीख होती, वार होता, खोलीत किती गरम आहे ते होतं, आठ प्रकारचे आवाज होते, निळा दिवा होता. मागे चार बटणं, एकासारखी एक. मला दुपट्टा आठवला. तो बाजूलाच खिळ्याला टांगला होता. पण जीपवाल्या साहेबासमोर घडीवर दुपट्टा टाकून त्यांना खाली हात घाला म्हणायचं, याची मला लाज वाटली. तज्ज्ञ बाई असं कशी करेल? मी पाच मिनिटांनंतरची वेळ लावली. पाच मिनिटांनी ती वाजली. मी म्हटलं, चांगली आहे. त्यांनी कागद पुढे केला, मी सही केली. नावाखाली त्यांनी आधीच टाइप करून आणलं होतं, घड्याळतज्ज्ञ.

जीप गेल्यावर मिस्टर आतून म्हणाले, "बारा घंटे ठेवून पाह्यली का?"

मी म्हटलं, इतका वेळ कोणाला आहे.

चार-पाच महिन्यांनी, पावसाळा सरता सरता, सोमजीभाऊ तलांडी दुकानात आले. आत, डांबरी रस्ता सोडून दोन नाले ओलांडल्यावर त्यांचं गाव. दर पंधरवड्याला बाजाराला येणारा माणूस, ओळख जुनी. त्यांनी पिशवीतून ती पांढरी घडी काढली. कव्हर तसंच होतं. म्हणाले, "बाई, हे बिघडली का पाह्य."

मी उघडली. सेल चांगले, आकडे बरोबर, आवाज खणखणीत. म्हटलं, हिला काही झालेलं नाही. काय करते ही?

"सकाळी वाजते. संध्याकाळी नाई वाजत."

मी म्हटलं, ती अशीच असते भाऊ, आकड्यांच्या घडीला सकाळचे सहा वेगळे आणि संध्याकाळचे सहा वेगळे. हे मी अगदी माहीतगाराच्या आवाजात सांगितलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी काय सांगते आहे.

सोमजीभाऊंची बायको रैजी. तिला फिट यायची. दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, बारा तासांनी. दोन वर्षांपासून तिला एकही फिट आली नव्हती. घरात घडी नव्हती तेव्हाची ही गोष्ट आहे, हे नीट वाचा. सकाळी पाण्याला जायच्या आधी एक गोळी, ढोरं घरी आली की दुसरी. ढोरं कधी विसरत नाहीत. मग साहेबांच्या योजनेतून घडी मिळाली. वाटपाच्या कार्यक्रमात फोटो काढले, घडीत सकाळचे सहा लावून दिले, आणि माइकवर सगळ्यांना सांगितलं, आता अंदाजाने औषध घ्यायचं नाही, घडी वाजली की गोळी. दवाखान्यात आधीच ताकीद मिळाली होती की गोळी जास्त खायची नाही, जास्त झाली तर जहर होते. मग या माणसांनी काय केलं? सांगितलं तेच केलं. सकाळी घडी वाजली, गोळी खाल्ली. संध्याकाळी ढोरं आली, घडी वाजली नाही, गोळी खाल्ली नाही. सोमजीभाऊ रोज संध्याकाळी घडीसमोर बसून वाट पाहायचे. मला म्हणाले, "आमी समजलो, डॉक्टरनं एकच ठेवली. घडी सरकारची हाय, तिले मालूम असन."

अर्ध्या औषधावर काही आठवडे गेले. एका सकाळी रैजी चुलीवर भाताचं पाणी ठेवत होती आणि तिला फिट आली. सोमजीभाऊ बाहेर होते. ती पडली ती चुलीत. उजवा हात विस्तवात राहिला.

हे त्यांनी मला शेवटी सांगितलं. आधी घडीचं काम, मग बायकोचं. दवाखान्यात हात वाचवला, पण बोटं एकमेकांना चिकटून आखडली होती. ते मला दोष द्यायला आलेच नव्हते. माझी सही असलेला कागद त्यांना माहीतही नव्हता. घडी बिघडली असेल तर दुरुस्त होईल, एवढ्याच आशेने ते दोन नाले ओलांडून आले होते.

मी दुकान बंद केलं आणि त्याच घडीला कार्यालयात गेले. साहेबांनी बसायला सांगितलं, मी बसले नाही. झालं ते सांगितलं. ते ऐकून त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. मग त्यांनी कपाटातून पुस्तिका काढली आणि एक पान उघडून दाखवलं. त्यात दुसरा गजर कसा लावायचा ते होतं. मागचं तिसरं बटण दाबून धरायचं, आकडा लुकलुकला की पहिलं बटण, मग पुन्हा तिसरं. मी विचारलं, ही पुस्तिका कोणत्या भाषेत आहे? इंग्रजीत होती. आणि आणखी कुठल्याशा भाषेत, जी त्या खोलीत कोणालाच येत नव्हती. साहेब म्हणाले, "बाई, घड्याळात दोष नाही. लोक अडाणी आहेत, त्याला आपण काय करणार?"

मी म्हटलं, "साहेब, अडाणी माणूस ढोरं पाहून दोन वर्षं बरोबर गोळी देत होता. तुमची घडी आली आणि त्याचं चुकलं. मग अडाणी कोण?"

त्यांनी आवाज चढवला नाही. फाइल उघडली आणि माझा कागद माझ्यासमोर फिरवून ठेवला. घड्याळतज्ज्ञ. खाली माझी सही, वळणदार, मोठी, मी बँकेतही एवढी मोठी सही करत नाही.

त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही, आणि तो कुणावर आहे याचा हिशेब मी मांडून पाहिला आहे. साहेबांवर आहे, कारण त्यांनी ती घडी एक रात्रही आपल्या उशाशी ठेवली नव्हती. ती घडी बनवणाऱ्यावर आहे, कारण त्याला खोलीतलं गरम मोजायचं सुचलं आणि संध्याकाळ सुचली नाही. माइकवर बोलणाऱ्यांवर आहे. आणि सगळ्यात जास्त ज्या बाईवर आहे तिला मी रोज आरशात बघते. माझा दुपट्टा खिळ्याला होता. मला फक्त हात लांब करायचा होता.

घरी येऊन मी मिस्टरांवर ओरडले. तुम्ही तेव्हाच बोलला होतात ना, मग जोर देऊन का नाही बोललात? एकदा तरी म्हणायचं की मी सांगितलं होतं, तेही म्हणाले नाहीत. त्याचा मला आणखी राग आला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "कागदावर लिवलं ते कागदावरच खोड."

तसं केलं. माझ्या हाताने अर्ज लिहिला, की अमुक घडीबद्दल मी दिलेलं मत चुकीचं होतं, मी ती नीट तपासली नव्हती, ती घडी संध्याकाळी वाजत नाही, वाटलेल्या सगळ्या घड्या परत घ्या. खाली सही केली, लहान. पोच म्हणून शिक्का मारून घेतला. उत्तर आजतागायत नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी मात्र कपाळावर हात मारला आणि त्या आठवड्यात ज्यांना ज्यांना घडी मिळाली होती त्यांना एकेक करून निरोप पाठवले. त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी एका दिवसात केलं. ज्यांच्या हातात सगळं होतं ते अजून विचार करत आहेत.

राहिली रैजी. तिच्यासाठी मी जुनी चावीची घडी काढली. पण अडचण कळायला वेळ लागला नाही. या घडीच्या पाठीवरच्या दोन चाव्या, एक चालायची आणि एक गजराची, म्हणजे बोटाच्या पेराएवढी लहान फुलपाखरं. दोन हातांच्या माणसालाही चिमटीत धरून जोर लावावा लागतो. मी पितळेची पट्टी कापली आणि एका घडीच्या दोन्ही चाव्यांना कथलाचा डाग देऊन रुंद पंख जोडले. तीन दिवस गेले त्यात. मिस्टर शेजारी बसून सांगत होते, इथे कमी तापव, इथे घास. मग मी ती घडी घेतली, साध्या चावीची एक घेतली, सेलवर चालणारी काट्याची एक घेतली आणि सोमजीभाऊंच्या गावी गेले.

रैजी चाळिशीची असेल. अंगणात बसली होती, हातावर कपडा गुंडाळलेला. मला मराठीत बोलावं लागलं, कारण माझी गोंडी बाजारापुरतीच आहे. मी तिन्ही घड्या तिच्यासमोर ठेवल्या आणि तोंड बंद ठेवलं. हे मला किती जड गेलं ते घरच्यांना विचारा. कोणती चांगली ते सांगायला माझी जीभ वळवळत होती. पण सांगून झालं होतं एकदा.

सेलवाली तिने उचलली आणि ठेवून दिली. तिचा खटका नखाएवढा होता. साधी चावी डाव्या हाताने फिरवून पाहिली, घडीच मांडीवरून गरगर फिरली. मग रुंद पंखांची घेतली. मी मनात म्हटलं, आता ही छातीशी धरेल आणि धडपडेल, कारण माझं डोकं तेवढंच चाललं होतं. तिने तसं काही केलं नाही. तिने घडी जमिनीवर आणली, दोन्ही तळपायांच्या मध्ये घट्ट धरली, जशी टोपली विणताना बांबूच्या कमच्या धरतात, आणि वाकून डाव्या हाताने चावी भरली. एकदा, दोनदा, सरळ. घडी हललीही नाही. जन्मभर तिचे पाय हेच काम करत आले होते. चार नमुन्यांच्या त्या टेबलापाशी साहेबही नाही, मीही नाही, हिला बसवायला पाहिजे होतं.

मी तिला सांगितलं, गजराचा काटा सहावर आहे, तो हलवायचा नाही. घडी वाजली की डोक्यावरचा दट्ट्या कोपराने दाबला तरी चालतो. गोळी खाल्ली की दोन्ही चाव्या भरायच्या, म्हणजे पुढच्या सहाला ती आपोआप वाजेल. तिने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. सोमजीभाऊ बाजूला उभे होते, त्यांना तिने तेच गोंडीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण घडीकडे ते अजून संशयानेच बघत होते.

ढोरं घरी येत होती तेव्हाच घडी वाजली. सगळं अंगण दणाणलं, कोंबड्या पळाल्या. रैजीने कोपराने दट्ट्या दाबला, पाकीट दातांत धरून डाव्या हाताने फाडलं, गोळी तोंडात टाकली आणि वरून पाणी प्यायली. मग घडी पायात धरून चावी भरली. सोमजीभाऊ मग ढोरं बांधायला गेले.

मी निघायला पिशवी उचलली. रैजी घडीकडे बघत होती. तिने मला विचारलं, "बाई, तू गेल्यावर बी वाजन नं?"

बावीस वर्षं हा प्रश्न मला गिऱ्हाईकं विचारत आली आहेत आणि मी बोट वर करून सांगत आले आहे, वाजेल, मी केली आहे ना दुरुस्त. त्या दिवशी माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, आज मी इथेच राहते. मला रागाशिवाय दुसरं काही कळेना, आणि त्या अंगणात रागावायला कोणीही नव्हतं. त्यांनी मला भात वाढला, खाट दिली.

सकाळी सहाला घडी वाजली. रैजीने गोळी खाल्ली, पायात घडी धरली, चाव्या भरल्या आणि माझ्याकडे पाहिलं. कालच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी होतं.

मी म्हटलं, "वाजन. अन् नाई वाजली, तरी गोळी खाय."